आखाजीला गेलेली व्ही.पी.

ये गं, अशी जवळ येऊन बस. आणि तो फोन आधी उपडा ठेव बघू. दर दोन मिनिटांनी तो उजळतो आणि तुझं तोंड तिकडे वळतं. माझ्याशी बोलायला आलीस की त्याच्याशी? पुण्याहून एवढा प्रवास करून भाची येते, आणि चहा निवून साय धरली तरी हिचं आपलं चाललेलं असतं, कुणी ईमेल उघडली नि कुणी नाही उघडली.

काल जेवताना तू मला तुझं काम समजावून सांगितलंस. लोकांना आधी बरेच दिवस फुकट काहीतरी उपयोगाचं पाठवत राहायचं, सवय लावायची, विश्वास बसला की हळूच विकायचं ते पुढे करायचं. वर म्हणालीस, "मावशी, हे एकदम नवीन आहे, तुला नाही कळायचं." तव्यावर भाकरी होती म्हणून मी गप्प बसले. बाई माझे, मी हे काम जळगावात केलंय, तू जन्मायच्या आधी. ईमेल नव्हती, टपाल होतं, एवढाच फरक. या दिवाळी अंकाच्या मंडळींनी "तुमच्या नोकरीविषयी लिहा" म्हणून तीनदा निरोप धाडला आहे. तर तुला सांगते तेच लिहून काढते. नोकरीची सगळी वर्षं नाही सांगत, कंटाळशील. मुख्य म्हणजे एका सिंधूचं सांगायचं आहे. तिची शिलाई मशीन तिच्याजवळ राहते की जाते, एवढाच प्रश्न होता. आणि तो माझ्या हातात होता.

मी सातवी पास. शिवण मला कुणी शिकवलं नाही. जुने ब्लाउज उसवायचे, तुकडे जमिनीवर मांडायचे, कुठे किती गोलाई आहे ते बोटाने फिरवून बघायचं, असं शिकले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे जळगावात एका मशीनच्या दुकानात लागले. मालकांना सगळे नाना म्हणत. बाई-माणूस गिऱ्हाईक आलं की दोरा कसा ओवायचा, बॉबिन कशी भरायची ते मी दाखवायचं. लग्नसराईत मशिनी भरपूर खपत, लेकीला द्यायला. पण सासरी जाऊन ती मशीन कोपऱ्यात उभी राहायची. वर जुनं लुगडं झाकलेलं आणि त्यावर पापडांचे डबे. शिवता कुणाला येतंय? मग सुया नकोत, पट्टा नको, तेल नको. नानांचा तो किरकोळ धंदा बसलेला.

मीच म्हटलं, "नाना, आपण दर महिन्याला बायांना एक कागद पाठवू. शिवण शिकवणारा. फुकट."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "अक्का, तुम्हाला मी पगार वाटायला देतो की विकायला?"

"नाना, वापरलेली मशीन बिघडते. न वापरलेली नुसती गंजते. गंजलेलीचा तुम्हाला काय फायदा?"

ते हसले आणि हो म्हणाले. नाना हसले की काम झालं, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं.

कागद कसा निघायचा ते सांगते. मेणाचा पातळ स्टेन्सिल असायचा, त्यावर लोखंडी लेखणीने कोरून लिहायचं, चित्र काढायचं. जरा जोर जास्त झाला की फाटला, पुन्हा पहिल्यापासून. मग सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवायचा, शाई लावायची आणि मुठीने फिरवत बसायचं. माझी बोटं आठवडाभर काळी. घरी लोक विचारायचे, अक्का, वांगी भाजलीत का? पहिल्या कागदात झबलं, दुसऱ्यात टोपडं, मग परकर, उशीचा अभ्रा, लहान मुलीचा फ्रॉक. खाली सही, "तुमची अक्का."

एका गोष्टीवर मी अडून बसले होते. नाना म्हणत, पत्ता नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने घाला, पोस्टमनला सोपं पडतं. मी म्हटलं, नाही. कागद बाईचा, नाव बाईचं. आमच्याकडच्या खेड्यांत बाईच्या नावाने तेव्हा काय यायचं? काही नाही. तर पोस्टमन ओट्याशी उभा राहून "मंगलाबाई, टपाल!" असं ओरडला की घरातल्यांना आधी वाटायचं, ही कोण मंगलाबाई? त्यातून एकदा वरणगावहून एका गृहस्थांचं पत्र आलं. कारखान्यात नोकरीला होते, भाषा सरकारी. "आपण माझ्या पत्नीशी माझ्या परवानगीवाचून पत्रव्यवहार करीत आहात, याचा खुलासा व्हावा." मी खुलाशादाखल त्यांनाच पायजम्याचं कटिंग पाठवलं. पुढल्या महिन्यात उत्तर आलं, "पायजमा मांडीत तंग होतो. मार्गदर्शन व्हावे."

अशी सगळी मजा होती. बाया उलट कार्डं टाकायच्या. शिवणाचं दोन ओळी, बाकी सगळं घरचं. सावद्याच्या एका बाईंनी तर एस.टी.च्या कंडक्टरकडे केळीच्या वेफरची पिशवी दिली, "त्या कागदवाल्या बाईला द्या" म्हणून. कंडक्टर दुकानं शोधत आला. मला ती कार्डं वाचायला आवडायची. प्रत्येकीला उत्तर लिहायची मी. तुमच्याकडे आता एकच मजकूर सगळ्यांना जातो, नाव तेवढं यंत्र बदलतं. मी तेव्हा हाताने लिहायची. त्याचा जसा फायदा झाला, तसा घातही त्यानेच झाला.

सिंधू त्यातलीच. धुळ्यापलीकडे साक्रीच्या रस्त्याला तिचं गाव. आईवडील गेलेले, भाऊ नाही. लग्नात मामाने मशीन दिली, आणि वर्षात मामाही गेला. नवरा सुरतेला मागावर. घरी ती, सासू आणि लग्नाची नणंद. तिचं अक्षर पहिलीच्या पोरीसारखं मोठं मोठं, पण कटिंग एकदम डोक्यात शिरायचं. फ्रॉक शिवून तिने उरलेल्या चिंधीचा तुकडा मला पाकिटात पाठवला होता, टाका बघा म्हणून. सरळ, एकसारखा टाका.

हिवाळ्यात तिचं कार्ड आलं. सासूबाई म्हणतात, मशीन नुसती उभी आहे, नणंदेचं आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न आहे, तिला देऊन टाकू. मी म्हटलं, मी गल्लीतले ब्लाउज शिवीन, घरात चार पैसे येतील. त्या म्हणाल्या, आखाजीपर्यंत शिवून दाखव, मग मशीन तुझी. "अक्का, मला मुंढा जमत नाही. पुढच्या कागदात मुंढा शिकवा."

मुंढा म्हणजे ब्लाउजला बाही जोडायची ती गोल जागा. सगळं शिवण एकीकडे आणि मुंढा एकीकडे. तो चुकला की ब्लाउज काखेत ओढतो, नाहीतर खांद्यावरून घसरतो. गल्लीतल्या बाया परकर, अभ्रे घरीच शिवतात. पैसे देऊन शिवून घेतात तो ब्लाउज, आणि ब्लाउज म्हणजे मुंढा.

आता ऐक, तुझ्या धंद्याची गोष्ट इथून सुरू होते. नऊ-दहा महिने कागद गेला तेव्हा नाना म्हणाले, "अक्का, पुरे झालं पुण्य. आता काही विकायला हवं. नाहीतर कागद बंद." त्यांचंही खोटं नव्हतं, कागद, शाई, तिकिटं, सगळं त्यांच्या खिशातून जात होतं. त्यांनी विचारलं, "बायांना सगळ्यांत जास्त काय पाहिजे?"

मी कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यात निम्म्या जणी एकच मागत होत्या. आणि मीच बोलले, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. "नाना, सगळं फुकट देऊ. मुंढा तेवढा राखून ठेवू."

नानांनी कार्डांचा गठ्ठा आपल्याकडे ओढला. "अक्का," ते म्हणाले, "तुम्ही गल्ल्यावर बसायला हव्या होत्या."

मला काय आनंद झाला तेव्हा! कबूल करते. सातवी पास बाईला हुशार म्हटलेलं कुठे ऐकायला मिळायचं?

मग मी जाड खाकी कागदावर पाच मापांचे पुरे नमुने काढले. पुढचा भाग, पाठ, बाही, मुंढा. बाईने नमुना कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची, कापायचं. मनापासून केलं होतं, फसवणूक नव्हती त्यात. किंमत एकवीस रुपये, व्ही.पी.ने. व्ही.पी. म्हणजे पोस्टमन पाकीट घेऊन दारात येणार, आणि पैसे हातावर पडल्यावरच पाकीट देणार. वेळ नानांनी निवडली, आखाजीची. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात; शेतात काम नसतं, आणि निघताना बापा-भावाने हातावर ठेवलेलं काही असतं जवळ. नाना म्हणाले, "बाईजवळ स्वतःचे पैसे वर्षातून एकदाच असतात."

त्याआधीच्या कागदात मी लिहिलं. ते शब्द मला अजून पाठ आहेत. "आखाजीनिमित्त अक्काकडून तुमच्यासाठी खास पाकीट निघत आहे. मुंढ्याची काळजी सोडा." किंमत अगदी तळाला, बारीक. त्याखाली, "नको असल्यास कार्ड टाकावे." म्हणजे कार्ड आलं नाही तर हो समजायचं. ही युक्ती नानांची. नाही म्हणायला माणूस आळस करतो, हे त्यांना माहीत होतं. पण बाया आळसाने गप्प बसल्या नाहीत, भाचीबाई. त्यांनी वाचलं, अक्का आखाजी पाठवतेय. ज्यांना न्यायला कुणी येत नाही त्यांनाही माहेरून आखाजीला काहीतरी येतं, पातळ, नाहीतर सांजोऱ्यांचा डबा. त्याला कुणी नको म्हणतं का?

मधल्या दिवसांत सिंधूची आणखी दोन कार्डं आली. "अक्का, मुंढा आखाजीच्या आधी शिकवा." मी कार्ड घेऊन नानांकडे गेले. "हिला एकटीला लिहून पाठवू का? हिची अडचण आहे."

"अडचण कुणाला नाही?" नाना म्हणाले. "एकीला फुकट दिलंत की गावातल्या चौघींना कळेल. मग पाकीट कोण सोडवील? आणि पाकीट जातंच आहे की तिला."

मी तिला लिहिलं, "धीर धर. लवकरच येतंय."

आखाजीच्या आधी पाकिटं रवाना केली. पोतंभर होती. दुकानात पेढे आणले नानांनी.

पंधरा-वीस दिवसांत पैसे यायला लागले आणि न सोडवलेली पाकिटंही. "घेण्यास नकार." त्यांचा ढीगच झाला, पण सोडवलेली जास्त होती. सिंधूचं पाकीट परत आलं नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, पोरीचं काम झालं.

मग तिचं कार्ड आलं.

"अक्का, तुमची आखाजी पोचली. खूप छान आहे. मशीन आता आमच्याकडे नाही. पुढचा कागद मला पाठवू नये, वाया जाईल."

मी दुसऱ्याच दिवशी पहिली एस.टी. धरली. एरंडोल, पारोळा, धुळे, तिथून दुसरी गाडी. वैशाखाचं ऊन. गावात उतरून विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "सिंधूबाई? जिले टपाल येस ती?" नुसतं टपालावरून पोरीला गाव ओळखत होतं.

घर स्वच्छ सारवलेलं. सासूबाईंनी पाणी दिलं. मी कोण ते कळल्यावर मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का त्या जळगाववाल्या अक्का? मी म्हनू, कोनी मोठी बाई व्हई." सिंधू स्वयंपाकघराच्या दारात उभी. बारीक, काळीसावळी. पायाच पडली. कोपऱ्यात जमिनीवर मशीनच्या पायांचे चार खळगे होते. बाकी काही नव्हतं.

काय झालं ते तिने हळूहळू सांगितलं. पोस्टमन ओट्याशी आला आणि ओरडला, सिंधूबाई, पार्सल शे! ही धावली. "मी बठ्ठी गल्लीले सांगं, मन्ही जळगावनी अक्कानी आखाजी धाडी." सगळ्या गल्लीतल्या शेजारणी जमल्या. उघड ना, उघड ना, करायला लागल्या. मग पोस्टमन म्हणाला, आधी एकवीस रुपये.

"तळाला लिहिलं होतं गं मी," मी म्हटलं.

"मी वाचं नही ते," ती म्हणाली. "तुम्हनं नाव वाचं, बस."

पोस्टमन भला होता. सात दिवस पोस्टात ठेवतो म्हणाला. सासू म्हणाली, जाऊ दे परत. पण ही ऐकेना. गल्लीत सांगून बसली होती ना! शेवटच्या दिवशी सासूने कनवटीचे पैसे काढले. त्या बाईला मी वाईट म्हणणार नाही. तिलाही लेक उजवायची होती. तिने माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "पैसा मी दिधात, पन बोलीवर दिधात. मशीन मन्ही आंडेरले जाई." पैसे मी देते, मशीन माझ्या लेकीला जाईल, एवढीच बोली. आणि सिंधू हो म्हणाली.

"अगं, मग परत का नाही जाऊ दिलंस?" मी जवळजवळ ओरडलेच. "नको म्हणायचं, पाकीट आलं तसं गेलं असतं. मशीन तरी लांबली असती काही दिवस!"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काही वेडंवाकडं बोलले. "अक्का, माहेरनं उनेल परत धाडतस का कोनी? लोके काय म्हनतीन तुम्हले?"

माहेरून आलेलं परत धाडलं तर लोक मला काय म्हणतील, ही हिला काळजी! माझी अब्रू राखायला तिने मशीन दिली होती.

मी पर्समधून पैसे काढले, तिच्या सासूपुढे ठेवले. म्हटलं, हे घ्या, बोली मोडा. सासूबाई म्हणाल्या, लग्न झालं, मशीन गाडीत बसून गेली, आता कसली बोली? नोटा तिथेच घोंगडीवर पडून राहिल्या. शेवटी सिंधूनेच उचलून माझ्या पर्समध्ये परत घातल्या.

मग तिने पेटीतून पाकीट काढून आणलं. सगळे खाकी नमुने घड्या न मोडता, जसेच्या तसे ठेवलेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मुंढा कळला का गं?"

"कळना," ती म्हणाली, म्हणजे कळला. नमुन्याच्या गोलाईवरून तिने बोट फिरवलं, अगदी मी फिरवायची तसं. "अक्का, इतलंच व्हतं ते? हाई तं कार्डवर बी मावतं."

राग नव्हता गं तिच्या बोलण्यात. ती खरंच विचारत होती. हो, मावलं असतं. पंधरा पैशाच्या कार्डावर, चार रेघा आणि एक गोलाई.

निघताना तिला म्हटलं, जळगावला ये. दुकानात मशीन आहे, माझ्याबरोबर बसशील, मी नानांशी बोलते. ती पहिल्यांदा हसली. "मुऱ्हाळी धाडा, मंग येसू." सासुरवाशिणीला आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुऱ्हाळी. तो आल्याशिवाय लेक घराबाहेर पाऊल टाकत नाही, सासरचेही सोडत नाहीत. मीही हसले. म्हटलं, धाडते, धाडते.

आणि धाडला नाही. त्या वर्षी पाकिटांची मागणी इतकी वाढली की दोन मुली हाताखाली घेतल्या. नानांनी माझा पगार वाढवला. सलवार-कमीजचं दुसरं पाकीट काढायचं ठरलं. मी रोज म्हणायची, या आठवड्यात जाऊन येते, या आठवड्यात कुणाला तरी पाठवते. जळगावातलं आमचं मेहरूण, तिथून धुळं काही काशीइतकं लांब नाही. पण माणूस खरोखर लाजला ना, की तो ती जागाच टाळतो, आणि टाळायला कामाचं निमित्त सोन्यासारखं असतं.

पुढल्या आखाजीला हाताखालच्या मुलींनी, आधीचं पाकीट ज्यांनी सोडवलं त्यांची यादी काढली आणि सगळ्यांना नव्या पाकिटाचा कागद धाडला. तो सिंधूलाही गेला. माझ्याच अक्षरातला. "आखाजीनिमित्त अक्काकडून." तो परत आला, वर पोस्टमनचं पेन्सिलीचं अक्षर, "गाव सोडून गेले." मी त्या पोस्टमनला पत्र टाकलं. त्याने बिचाऱ्याने उत्तर दिलं, सासू वारली, सिंधूबाई नवऱ्याकडे सुरतेला गेली, तिथला पत्ता कुणालाच माहीत नाही.

पुढे दुकानाने मला खूप दिलं. नाना वारले तेव्हा दुकानाच्या पाटीवर माझंच नाव असल्यासारखी मी रडले. या कामाने माझं घर चाललं, आणि किती तरी बाया त्या पाकिटांवर शिवायला शिकल्या, त्यांची कार्डं माझ्याकडे आहेत. ते खोटं नाही. पण ती कार्डं मी वाचायला घेतली की दहा-बाराच्या पुढे जात नाही. ठेवून देते.

तुला यातून काही शिकवत नाहीये मी. तुझं तू बघ. फक्त काल म्हणालीस ना, "नको म्हणाले नाहीत, गप्प बसले, की आपले झाले," तेव्हा मला ती तळाची बारीक ओळ आठवली, म्हणून एवढं बोलले.

आता चार ओळी दुसऱ्या कुणासाठी लिहिते. तू तोवर चहा गरम करून पी. हा अंक खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत जातो म्हणतात, सुरतेच्या मराठी वस्त्यांतही कुणीतरी नेतं.

सिंधू, वाचत असशील तर तुला, नाहीतर तुझ्या ओळखीच्या कुणाला सांगते. तू आता पन्नाशी ओलांडलेली असशील, नातवंडांची आजी असशील. माझ्या घरात धाडायला मुऱ्हाळी नाही. गुडघे दुखतात, पण गाडीत बसता येतं मला. पत्ता तेवढा कळव, मीच येते तुला न्यायला. आणि कळवायचं जमलं नाही तर कुणाची वाट न बघता तूच निघून ये. जळगावला उतरून मेहरूणात शिवणवाल्या अक्का कुठे राहतात म्हणून विचार, कोणीही सांगेल. येताना काही आणू नकोस. ये, पण लवकर ये गं.